विश्वामित्री खोल होतेय. मगरींचं काय, आणि आपलं काय?

नदीकाठचा | २५ मे २०२५, रात्री १०:४०

परवा संध्याकाळी पायी फेरीला निघालो आणि पुलावर थांबलो. खाली तीन पोकलेन, डंपरची रांग. काठावर जिथे झाडी होती तिथे तिरपी, गुळगुळीत कापलेली माती. बडोद्याच्या कारेलीबागेत चाळीस वर्षं काढली, पण ओळखीची विश्वामित्री नदी ओळखू येईना.

आधी माझी बाजू सांगतो. नाहीतर कोणी म्हणेल, हा बाराव्या मजल्यावर बसून मगरींचा कळवळा आणतोय. आमचं घर तळमजल्यावर आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाणी आधी अंगणात आलं, मग ओट्यावर, मग कमरेइतकं. इन्व्हर्टर जिन्याखाली होता, तो सगळ्यात आधी गेला. फ्रिज आडवा होऊन दिवाणखान्यात तरंगत होता. पाणी उतरल्यावर भिंतीवर जी रेघ राहिली ती दोनदा रंग देऊनही पुन्हा वर येते. त्या दिवसांत काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी २६ फूट. वनखात्याने २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वस्तीतून २४ मगरी उचलल्या. शहरातल्या अकोटा भागात छपरावर चढून बसलेल्या मगरीचा फोटो मला न्यू जर्सीहून भाच्याने पाठवला. फोनमध्ये चार टक्के बॅटरी उरलेली, आणि त्यात हा फोटो!

म्हणून सरकारने विश्वामित्रीसाठी १२०० कोटींची योजना जाहीर केली तेव्हा मला बरंच वाटलं. या मार्चपासून शंभर दिवसांत शहरातला चोवीसेक किलोमीटरचा पट्टा खोल आणि रुंद करायचा, असं ठरलं. काम खरंच सुरू झालं, हेही आपल्याकडे थोडं नाही.

मग अडलं कुठे? फेब्रुवारीत नदीतल्या मगरी मोजल्या, त्या ४४२ भरल्या. त्याच सुमारास मादी काठाच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. म्हणजे पोकलेनचे शंभर दिवस आणि अंड्यांचे दिवस नेमके एकच. आमच्या सोसायटीमागे एका जागी पिवळी फीत बांधून तेवढा तुकडा सोडलाय. चारी बाजूंची माती गेली आणि मधोमध तो उंचवटा उरलाय, पाडलेल्या वाड्यातलं तुळशीवृंदावन उभं राहावं तसा.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खोल केल्याने पूर खरंच कमी होतो का, हे जाणकारांनी सांगावं. आणि कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी, बुजवली गेली त्यांचं कोणी बोलतंय का? लहानपणी समा गावाकडे जाताना जी कोतरं लागायची, तिथे आता फ्लॅटच्या स्कीमा आहेत. पूर आला की पाणी त्या कोतरांत जाऊन बसायचं. आता ते आमच्या दिवाणखान्यात येऊन बसतं.

---

ज्योत्स्ना | २५ मे, रात्री ११:१२

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते. माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. पुरात आम्ही त्यांना खुर्चीसकट वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं. पार्किंगमध्ये मगर होती, म्हणून मदतीला आलेली मुलंही तासभर बाहेर थांबली. तीन दिवस लाइट नाही, पाणी नाही. मला अंड्यांचं सांगू नका. खोल करा, रुंद करा, काय करायचं ते करा, पण पावसाळ्याआधी करा.

---

सेवउसळ | २५ मे, रात्री ११:३०

ताई, तुमचं पटतं. पण आपण बंगले-फ्लॅटवाले इथे एकमेकांना पुराच्या गोष्टी सांगतोय. नदीकाठच्या परशुराम भठ्ठा वस्तीतली माणसं दर पावसाळ्यात गाठोडं बांधून तयार असतात, त्यांचा धागा कोण काढणार? त्यांना कोतर माहीत आहे आणि मगरही माहीत आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तिथल्याच. त्या म्हणतात, मगरीला तिच्यावर बसणाऱ्या खोडियार मातेच्या नावाने हात जोडायचे आणि लांबून जायचं. शाळेत वन्यजीव सप्ताह साजरा करून एवढी शिकवण मिळत नाही.

---

बापू दांडियाबझार | २६ मे, सकाळी ७:०५

माझे आजोबा १९२७ च्या पुराच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या तोंडी वर्ष नसायचं, नुसतं 'तो पूर'. तेव्हा कोणी नदीला दोष दिला नाही, कारण नदीच्या अंगणात घर बांधणाराच चुकला असं मानायची रीत होती.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आजवा तलाव बांधला तो शहराला पाणी पाजायला. तिथलं पाणी उतारानेच शहराकडे यायचं. नदीकाठी त्यांनी काय केलं? कमाटीबाग. पूर आला तर बागेत शिरेल, झाडं दोन दिवस पाण्यात उभी राहतील, मग वाळतील. नदीकाठी बाग ठेवावी एवढी अक्कल १८७९ मध्ये होती. नंतर आपण तिच्याच काठावर इमारती चढवल्या आणि आता म्हणतो, नदी आत आली.

---

स्थापत्यकार | २६ मे, दुपारी १:२०

पाटबंधाऱ्यात नोकरी केली, आता निवृत्त. मोठा प्रतिसाद आहे, संयमाने वाचा.

नदीला पोट असतं आणि अंगण असतं. पोट म्हणजे रोजचा प्रवाह जिथून वाहतो तो खोलगट भाग. अंगण म्हणजे दोन्हीकडचा पूरपट्टा, आणि विश्वामित्रीच्या बाबतीत कोतरं. पाऊस जोराचा झाला की पोट भरतं आणि वरचं पाणी अंगणात पसरतं. अंगणात ते थांबतं, जिरतं, सावकाश परत येतं. खोलीकरणाने फक्त पोट वाढतं. त्याचा उपयोग नाही असं म्हणणार नाही. मधल्या पुरात तेच दोन फूट तुमच्या घराला वाचवू शकतात. पण ३१ जुलै २०१९ आठवा, एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस. तसल्या दिवशी पोट कितीही वाढवा, अंगण लागणारच.

दुसरं, पाणी जातं कुठे? पावागडच्या डोंगरातून निघालेली नदी शहर ओलांडून पिंगळवाड्याजवळ ढाढरला मिळते आणि तिथून खंभातच्या आखाताकडे. खालचा मुलूख सपाट. ढाढर स्वतः भरलेली असली तर ती विश्वामित्रीला वाट देत नाही, पाणी मागे फुगतं. शहरातलं भांडं मोठं केलं आणि खालची तोटी तीच ठेवली, तर भांडं थोडं उशिरा भरेल इतकंच.

तिसरं म्हणजे कांस. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, बडोद्यात पावसाचं पाणी नदीत नेणाऱ्या नाल्याला कांस म्हणतात. भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस. नावं कशी पाहा, एखाद्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांसारखी. यातल्या कुठे स्लॅब पडलाय, कुठे वळण बदललंय, कुठे हातगाड्या उभ्या राहतात. नदी आटोक्यात असली तरी कांस तुंबली की गल्लीत पाणी येतंच. २०२४ च्या पुराला लोक 'नदीचा पूर' म्हणतात, पण कित्येक सोसायट्यांत पाणी आधी गटारीतून उलटं वर आलं. ते कोणी मोजलं नाही.

बाकी कोतरांबद्दल धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत.

---

ज्योत्स्ना | २६ मे, दुपारी २:०२

हो, आमच्याकडेही आधी बाथरूमच्या जाळीतूनच आलं होतं. हे मी विसरले होते.

---

मृण्मयी | २६ मे, रात्री ९:१५

विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत असताना मगरींच्या एका मोजणीत मी हौशी म्हणून होते, त्यामुळे थोडं लिहिते.

रात्री होडीतून किंवा काठावरून टॉर्च मारायचा. मगरीचे डोळे लालसर चमकतात, दोन निखारे पाण्यावर ठेवल्यासारखे. डोळ्यांतल्या अंतरावरून लांबीचा अंदाज बांधायचा. दिवसा ऊन खायला बाहेर आलेल्या मोजायच्या, त्या नेहमी कमी भरतात. हिवाळ्यात काठावर ऊन खाताना त्या तुम्ही सगळ्यांनी पाहिल्याच असतील, तोंड उघडं टाकून, मेल्यासारख्या पडलेल्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खरंच मेलेली समजले होते.

माती कापली की नुसती अंडीच जातात असं नाही. मगर काठात बीळ करते, आत शिरून उन्हाळा काढते. काठ तासून उतरता केला तर बिळाला जागाच उरत नाही. शिवाय अंड्यातून नर येणार की मादी, ते खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरतं. वरची झाडी गेली, सावली गेली, की तोही हिशोब बिघडू शकतो. एका खड्ड्यात पंचवीस-तीस अंडी असतात. पिल्लं आतून आवाज करतात तेव्हा आई माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. ज्या जबड्याची आपल्याला भीती वाटते, त्याच जबड्यात.

कायद्याने मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. म्हणजे 'काय करायचं ते करा' चालत नाही. आणि नदीत फक्त मगरच नाही, मऊ पाठीची कासवंही आहेत. त्यांच्यावर मोर्चा निघत नाही आणि कळवळाही कोणाला येत नाही.

ज्योत्स्नाताई, तुमच्या पार्किंगमधल्या मगरीबद्दल मला वाईट वाटतं, खरंच. ती तुमच्याकडे यायला निघाली नव्हती. पाण्याचा जोर वाढला की त्या संथ पाणी शोधतात. पूर्वी कोतरात मिळायचं, आता पार्किंगमध्ये मिळतं.

---

ज्योत्स्ना | २६ मे, रात्री ९:४०

मला मगरीचा राग नाही. मला याचा राग आहे की कोतर विकताना कोणी विचारलं नाही, आणि आता नुकसान वाटून घ्या म्हणतात. सासूबाईंना अजून पाऊस वाजला की झोप येत नाही.

---

वाशिष्ठीकर | २७ मे, सकाळी १०:३३

चिपळूणहून. आम्ही २२ जुलै २०२१ भोगलाय. बाजारपेठ पाण्यात, लोक पत्र्यावर. नंतर गाळ काढण्यासाठी गावाला उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे वाशिष्ठीतला गाळ निघायला लागला. मगरी आमच्याकडेही आहेत. पावसाळ्यात रस्त्यावर फिरतानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील.

अनुभवाचा एकच प्रश्न विचारतो, काढलेली माती टाकली कुठे? काठावर ढीग लावून ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसात ती परत नदीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच गाळ काढायचं टेंडर. आमच्याकडे सगळं नीट झालं असं म्हणणार नाही, पण डंपरमागे स्कूटर घेऊन जाणारी दोन-तीन माणसं होती. सरकारी अहवाल येईपर्यंत थांबू नका, डंपरच्या मागे जा.

---

सेवउसळ | २७ मे, सकाळी ११:०१

डंपरच्या मागे जा हे आवडलं :) आमच्या इथे तर घर पाडल्यावर निघणारा राडारोडा, ज्याला सगळे 'छारू' म्हणतात, तो वर्षानुवर्षं कोतराच्या तोंडाशी रिकामा होतोय. रात्री अकरानंतर ट्रॅक्टर येतो, नंबर प्लेटला माती फासलेली. कोणाचा, ते लिहीत नाही. इथे कोर्टकचेरी नको.

---

इंदुरी पोहे | २७ मे, दुपारी ३:४८

आमच्याकडे कान्ह आणि सरस्वती. शाळेत असताना त्यांना नदी म्हटलं की हसायचे, कारण सगळे नालाच म्हणायचे. मग घरांची सांडपाण्याची तोंडं एकेक करून बंद केली, पाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवलं, आणि २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं. सिरपूर तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला. या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. बक्षिसांची आम्हाला सवय झालीय, हे मान्य. पण नदी काठोकाठ स्वच्छ झाली असं इंदूरकर मनावर हात ठेवून म्हणणार नाही. तोंडं बंद करणं म्हणजे अर्धं काम. वर्षभर वाहायला नदीत स्वतःचं पाणी लागतं, ते कुठून आणणार?

विश्वामित्रीत उन्हाळ्यात जे वाहतं ते काय असतं?

---

स्थापत्यकार | २७ मे, सायंकाळी ६:१०

खरं सांगू? बरंचसं आपणच सोडलेलं. प्रक्रिया केलेलं, अर्धवट केलेलं आणि न केलेलं. अटलादरा, गाजरावाडी वगैरे ठिकाणी केंद्रं आहेत. गेल्या वर्षी मार्चमध्ये महापालिकेने १०० कोटींचे हरित रोखे काढले, ते सांडपाण्याच्या कामांसाठीच. पालिकेने बाजारातून कर्ज घेऊन गटार सुधारणं मला चांगलं वाटतं. देणगीपेक्षा कर्जाला शिस्त असते. पण शहर वाढतंय त्या वेगाने वाहिन्या वाढत नाहीत, आणि मधल्या फटीतून जे निसटतं ते नदीत येतं. उन्हाळ्यात मगर त्यातच राहते. तिचा चिवटपणा पाहून मला लाज वाटते.

---

बापू दांडियाबझार | २७ मे, रात्री ८:२५

इंदूरकरांनी रामसरचा विषय काढला म्हणून सांगतो, आमचंही वढवाणा आहे. डभोईजवळ, गायकवाडी काळात शेतीसाठी बांधलेलं तळं, २०२१ मध्ये रामसर यादीत गेलं. हिवाळ्यात इतके पक्षी येतात की पाणी दिसत नाही. गंमत अशी की ते तळं माणसाने, माणसाच्या पिकासाठी बांधलं. पक्ष्यांना कोणी आमंत्रण दिलं नव्हतं. पाणी उथळ ठेवलं, काठ कच्चा ठेवला, गर्दी केली नाही, आणि ते आले. शहरातल्या सूरसागरला आपण चहूबाजूंनी दगडी बांधलं, मधे १११ फुटी महादेव उभा केला. दर्शन होतं, फोटो होतो, पण पाणकोंबडी दिसत नाही.

तरुण मंडळींचं एका गोष्टीसाठी कौतुक केलं पाहिजे. नवलखी मैदानावर विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करतात. सुरुवातीला आमच्या पिढीने नाकं मुरडली, मीही. आता आमच्या पोळीतले, म्हणजे गल्लीतले गणपती तिथेच जातात.

---

मृण्मयी | २८ मे, सकाळी ८:५०

कच्चा काठ, हेच मला म्हणायचं होतं, बापूंनी दोन शब्दांत सांगितलं.

जुन्या रिव्हरफ्रंटचं आठवतं का? दोन्ही काठांना भिंती आणि मधे पाणी, अशी योजना होती. ती हरित लवादात अडली. मे २०२१ मध्ये लवादाने पूरपट्ट्याची आखणी करा, राडारोडा हटवा, काठावर झाडं लावा असे आदेश दिले. त्या मानाने आत्ताचं काम भिंतींचं नाही, मातीचं आहे, हे मान्य केलं पाहिजे. माती कापली तरी ती मातीच राहते, तिच्यावर पुन्हा काही उगवू शकतं. प्रश्न असा की काय उगवणार. काहीच लावलं नाही तर दोन वर्षांत सगळीकडे गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ. त्याऐवजी वाळा, बांबू आणि काठाची मूळ झाडं लावली तर माती धरून राहील. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, उतारावर त्याच्याइतकं काम दुसरं कोणी करत नाही. आणि काही ठिकाणी उभा, न तासलेला काठ मुद्दाम ठेवावा. बिळांसाठी.

---

कोथरूडकर | २८ मे, दुपारी १२:१५

मुठेच्या काठी राहतो. आमच्याकडे भिंतीच चालू आहेत. तुमचा धागा वाचून हेवा वाटला, एवढंच लिहायला आलो.

---

ज्योत्स्ना | २८ मे, रात्री १०:०४

वाळा लावा, बांबू लावा, माझी हरकत नाही. माझा प्रश्न साधा आहे. खंडेराव मार्केटातून, म्हणजे आपल्या कॉर्पोरेशनमधून, पूरपट्ट्याचा नकाशा कोणालाही मिळेल का? फ्लॅट घेताना आम्हाला बिल्डरने नर्मदेचं पाणी चोवीस तास सांगितलं, विश्वामित्रीचं सांगितलं नाही. तो नकाशा रजिस्ट्रारच्या दारावर चिकटवा. लोक आपणच ठरवतील कुठे घर घ्यायचं ते.

---

स्थापत्यकार | २८ मे, रात्री १०:३०

अहो ताई, या धाग्यातली सगळ्यात उपयोगाची सूचना तुमची आहे. माहिती अधिकारात अर्ज मी करतो, मसुदा इथे टाकेन. पूरपट्ट्याची आखणी लवादाच्या आदेशातच आहे, म्हणजे मागायला आधारही आहे.

---

नदीकाठचा | १४ जून २०२५, सकाळी ७:४५

उशिरा लिहितोय. घरी पाहुणे होते.

पिवळ्या फितीकडे आज पुन्हा गेलो. परवाच्या सरीने माती दबली होती. फीत एका खुंटाला लोंबत होती. खड्डा उकरलेला, आत आणि बाहेर पांढरी टरफलं, जाड कागदासारखी. मादी दिसली नाही. पलीकडच्या बांधकामाचा वॉचमन म्हणाला, दोन रात्री कुत्री भुंकत होती, म्हणून तो बाहेर आलाच नाही. टरफलं बघून पिल्लं निघाली की कोल्ह्या-मुंगसाने खाल्ली, हे मला कळत नाही. मृण्मयी, ओळखता येतं का?

---

मृण्मयी | १४ जून, सकाळी ९:२०

टरफलं लांब चिरून दुमडलेली असतील तर बहुतेक निघाली. चावून चुरा झालेला असेल तर दुसरं. पण काका, बघायला पुन्हा जाऊ नका! पिल्लं असतील तर आई जवळच असते, आणि ती दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं.

---

नदीकाठचा | १४ जून, सकाळी ९:३१

दुमडलेली होती, बरीचशी. पुन्हा जात नाही. बायकोनेही तेच सांगितलं, जरा वेगळ्या शब्दांत.

---

वाशिष्ठीकर | १४ जून, सकाळी १०:००

आणि माती? डंपर कुठे गेले?

---

सेवउसळ | १४ जून, सकाळी १०:४२

दोन डंपरांच्या मागे गेलो होतो. एक रीतसर दूर, भरावाच्या जागी गेला. दुसरा सिग्नलला चुकला. पुढच्या रविवारी पुन्हा, कोणी येणार असेल तर कळवा. पेट्रोल माझं.

---

ज्योत्स्ना | १४ जून, सकाळी ११:१५

मी येते. काका, इन्व्हर्टर वर चढवलात का?

---

नदीकाठचा | १४ जून, सकाळी ११:२२

चढवला. माळ्यावर आहे आता, गौरी-गणपतीच्या पेटीशेजारी.